मिठाचं पाणी आणि बोटीचा ट्रेलर : वाचकांच्या शंका

बोटीच्या ट्रेलरबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत, कारण बहुतेकांचं दुखणं एकच आहे. सातारा-सांगलीकडचा माणूस बोट जोडून कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरतो, दोन दिवस खाडीत घालवतो, परत येऊन ट्रेलर शेडमध्ये लावतो आणि पुढच्या खेपेला वाटेत अडकतो. माझं वर्कशॉप कराडजवळ ओगलेवाडीला आहे. उसाच्या ट्रॉल्या बांधणं आणि दुरुस्त करणं हा मूळ धंदा, पण कोकणात जाणारा रस्ता कराडातूनच निघत असल्यामुळं बोटीचे ट्रेलरही दारात येतात. दोन्हीला एक्सल, हब (चाकाच्या मधला, बेअरिंग बसते तो भाग), पाटे (पानांच्या स्प्रिंगा) तेच, म्हणून लोक देखभालही तीच करतात. तिथंच घात होतो. उसाच्या ट्रॉलीला ओझं मारतं आणि बोटीच्या ट्रेलरला मीठ. तेही समुद्रात असताना फारसं नाही, घरी आल्यावर जास्त.

प्रश्न : काका, आमची सोळा फुटी फायबरची बोट आहे. दिवाळीत ती गुहागरकडं खाडीत नेली होती. परत येताना कोयनानगर सोडल्यावर ट्रेलरच्या डाव्या चाकातून कुरकुर यायला लागली आणि पाटणच्या अलीकडं चाक लडबडायला लागलं. पाटणला बेअरिंग बदलून घेतली. मार्चमध्ये पुन्हा गेलो, तर नव्या बेअरिंगची तीच गत. माल डुप्लिकेट होता का?
(एक वाचक, सदरबझार, सातारा)

उत्तर : मालाला दोष देण्याआधी तुम्ही बोट पाण्यात कशी उतरवता ते बघू. तुम्ही साताऱ्याहून निघता, कराड, पाटण करत कुंभार्ली उतरता, चिपळूण मागं टाकता आणि थेट धक्क्यावर जाऊन ट्रेलर रिव्हर्समध्ये पाण्यात घालता. त्या वेळी हब चांगलं तापलेलं असतं. ट्रेलरला ब्रेक असतील तर घाटात ड्रम इतके तापतात की हात लावायची सोय नसते. हबच्या आत ग्रीस असतं, तशी हवाही असते आणि ती गरम होऊन फुगलेली असते. असं हब गार पाण्यात बुडालं की आतली हवा एकदम आकसते आणि आत ओढ तयार होते. मागचं ऑइल सील ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून बसवलेलं असतं. बाहेरून ओढलं जाणारं पाणी त्याला पुरतं अडवता येत नाही. सीलच्या ओठातून समुद्राचं पाणी आत जातं. एका खेपेला चमचाभर गेलं तरी पुरे होतं.

पुढचं सगळं घरी घडतं. पाणी ग्रीसमध्ये कालवलं जातं, ग्रीस पांढुरकं, दुधाळ होतं आणि त्याचा बुळबुळीतपणा जातो. ट्रेलर शेडमध्ये उभा राहतो. चाक फिरत नसल्यामुळं बेअरिंगमधला प्रत्येक रोलर एकाच जागी टेकून असतो आणि जिथं टेकला तिथं खारट ओल धरून ठेवतो. असं हब उघडून बाहेरची वाटी, म्हणजे रोलर जिच्यात फिरतात ते कडं, पुसली की तिच्यावर तांबूस-काळे आडवे डाग दिसतात, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. ते अंतर मोजून बघा, दोन रोलरमधल्या अंतराइतकंच भरतं. गंजानं तिथला पृष्ठभाग खाल्लेला असतो. पुढच्या खेपेला गाडी साठच्या वेगानं निघाली की प्रत्येक रोलर त्या खड्ड्यांवरून आपटत जातो आणि तुम्हाला कुरकुर ऐकू येते. दिवाळीत शिरलेल्या पाण्यानं मार्चमध्ये बेअरिंग गेली, ती अशी. माल अस्सल असता तरी हेच झालं असतं.

म्हणून पहिलं पथ्य असं की धक्क्यावर पोचल्यावर लगेच पाण्यात जाऊ नका. अर्धा-पाऊण तास थांबा. बोटीचे पट्टे सोडा, इंजिनाचं पेट्रोल बघा, बोटीचा बूच लावा, चहा घ्या. हबला तळहात लावून निवांत ठेवता आला की मग उतरवा. हाताची ही सवय वाटेतही उपयोगी पडते. पाटणला, चिपळूणला थांबाल तेव्हा दोन्ही हबना हात लावून बघा. कोमट असणं ठीक आहे. एक कोमट आणि दुसरं चटका देणारं असेल, तर त्या बाजूला काहीतरी सुरू झालंय असं समजा.

दुसरी गोष्ट बेअरिंग बसवण्याची. रस्त्याकडेला घाईत केलेल्या कामात तीन गोष्टी राहून जातात. जुनी वाटी हबमध्ये तशीच ठेवून तिच्यात नवी बेअरिंग घालतात. हे करू देऊ नका, वाटी आणि बेअरिंग जोडीनं बदलायची. सील जुनंच ठोकून बसवतात. सील नवं हवं, आणि एक्सलवर ज्या कड्याला त्याचा ओठ टेकतो तिथं नख फिरवून बघा. खरबरीत लागलं तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करा, नाहीतर नवं सीलही थोड्याच दिवसांत कापलं जाईल. आणि नट. चाक हातानं फिरवत नट घट्ट करायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसते, मग तो सैल करून नुसत्या बोटांनी परत टेकवायचा आणि जवळच्या खाचेत कॉटर पिन घालायची. पान्यानं आवळून तसाच ठेवलेला नट बेअरिंगला घाट चढायच्या आधीच जाळतो.

ग्रीस पाण्याला टिकणारं घ्या, मरीन ग्रीस म्हणून मिळतं ते. जुन्या ग्रीसवर नवं भरू नका. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकत्र आली की काही वेळा पातळ होऊन गळून जातात. जुनं सगळं डिझेलनं धुवा, बेअरिंग पूर्ण वाळवा आणि मगच तळहातावर ग्रीस घेऊन रोलरच्या फटींत दाबून भरा. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगरा फिरवायची हौस पोरांना असते, ती बंद करा. कोरडी बेअरिंग फिरवली की ओरखडे पडतात, आणि रोलर निसटून डोळ्यात जाऊ शकतो.

हबच्या टोपणाऐवजी स्प्रिंगवालं टोपण मिळतं. त्यात ग्रीस भरलं की स्प्रिंग ते किंचित दाबून ठेवते, त्यामुळं आतली हवा आकसली तरी पाण्याऐवजी ग्रीस सरकतं. मी ते खाडीत जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरला बसवतो. फक्त ग्रीसगनचे चार दाब जास्त मारू नका, मागचं सील बाहेर ढकललं जातं आणि ग्रीस थेट ब्रेकच्या लायनरवर येतं.

आणि एक हब बेअरिंग, ग्रीस, सील घालून तयार करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गाडीत ठेवा. सोबत नट आणि दोन-तीन कॉटर पिना. कुंभार्ली घाटात रात्री मेकॅनिक शोधण्यापेक्षा ते सोपं आहे.

प्रश्न : खाडीतून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ट्रेलर घरच्या पंपानं, जोराच्या फवाऱ्यानं स्वच्छ धुतो. तरी चौकोनी पाइपच्या फ्रेमला तिसऱ्या वर्षी फोड आले आणि एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. रंग दोनदा दिला होता. आणखी काय करायचं?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : धुता हे चांगलं आहे, पण उशिरा धुता आणि बाहेरूनच धुता.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळतं, क्षार राहतात. ते कोरडे राहिले असते तर एवढं बिघडलं नसतं, पण मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं ते याच गुणामुळं. साध्या मिठाला त्यासाठी हवेत 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला तेहतीस-चौतीस टक्केही पुरते. म्हणजे सांगलीच्या उन्हाळी दुपारी ट्रेलर कोरडा ठणठणीत दिसत असेल, पण सांदीतलं मीठ पहाटेच्या गारव्यात पुन्हा ओलं होतं आणि रोज थोडं लोखंड खातं. समुद्र शंभर-दीडशे किलोमीटर लांब राहिला, तरी त्याचं काम तुमच्या शेडमध्ये चालूच असतं.

म्हणून धुणं तिथंच, पाणी वाळायच्या आत. बोट ट्रेलरवर चढली की धक्क्याजवळ, नाहीतर परतीच्या वाटेवर पहिलं वॉशिंग सेंटर दिसेल तिथं. फवाऱ्याचा जोर कमी आणि पाणी भरपूर. जोराचा फवारा हबच्या सीलवर आणि दिव्यांच्या जोडांवर मारला तर खारं पाणी निघायच्या ऐवजी आत ढकललं जातं. साधी नळी धरून दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहू द्या. पाट्यांच्या मधे, एक्सलच्या वरच्या अंगाला, लाकडी फळ्यांच्या खाली, विंचच्या (बोट ओढून घ्यायच्या चरकाच्या) दात्यांत, जिथं हाताचं बोट जात नाही तिथं नळीचं तोंड न्या. काही जण परत येताना ट्रेलर कोयनेच्या पात्रात बुडवून काढतात. ते करू नका. घाट चढून आलेलं गरम हब पुन्हा गार पाण्यात जातं आणि तुमचं ग्रीस खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात.

आता चौकोनी पाइप. तुमच्या फ्रेमला फोड बाहेरून आलेले दिसत असले तरी गंज आतून आलेला आहे. पाइपच्या टोकाला प्लॅस्टिकचं बूच असतं आणि मधे बोल्टांची भोकं असतात. ट्रेलर बुडला की त्यांतून पाणी आत शिरतं, वर काढल्यावर अर्धं गळतं, बाकीचं खालच्या कोपऱ्यात बसून राहतं. तिथं ना रंगाचा ब्रश पोचतो ना तुमचा फवारा. हातोडीनं फ्रेमवर हलके ठोके देत जा. धड पाइप खणखणीत वाजतो, कुजलेल्या जागी आवाज बसका येतो. अशा सगळ्या जागांवर खडूनं खुणा करा. खुणा दोन-तीनच आणि एकमेकांपासून लांब असतील तर तेवढा तुकडा कापून नवा घालता येईल. ड्रॉबारजवळ (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्याजवळ) किंवा एक्सल जिथं बसतो तिथं खूण आली तर डागडुजी नको, ती आख्खी पट्टी बदला. वर पत्र्याचं ठिगळ मारून देणारे भेटतात. ठिगळाखाली गंज तसाच राहतो, आणि ड्रॉबार तुटला तर बोट मागच्या गाडीवर जाते. अशा कामाला मी हात लावत नाही.

नवी फ्रेम बांधणार असाल तर चौकोनी पाइपऐवजी सी-चॅनल घ्या. वजन थोडं वाढेल, पण प्रत्येक बाजू डोळ्याला दिसते आणि पाण्यानं धुता येते. पाइपच हवा असेल तर सगळ्यात खालच्या ठिकाणी बोटभर रुंद भोकं ठेवा आणि वरच्या टोकाला अर्धा इंची सॉकेट वेल्ड करून घ्या. तिथं बागेची नळी जोडली की गोडं पाणी पाइपच्या पोटातून वाहून खालून बाहेर पडतं. खालून येणारं पाणी आधी तांबूस येतं, मग नितळ. नितळ झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा, कारण मीठ डोळ्याला दिसत नाही.

राहिला रंग. रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल हे उसाच्या ट्रॉलीला ठीक आहे. खाऱ्या पाण्यात रंगाला एक ओरखडा पडला की गंज तिथून रंगाखाली पसरत जातो. बोटीच्या ट्रेलरला हॉट डिप गॅल्व्हनायझिंगच हवं. सगळं वेल्डिंग, सगळी भोकं पूर्ण झाल्यावर आख्खी फ्रेम साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. तीन मिलिमीटरच्या पुढच्या जाडीवर 70 ते 85 मायक्रॉनचा थर बसतो आणि तो पाइपच्या आतही बसतो. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला सांभाळतं. दुकानात पिवळसर किंवा चकचकीत दिसणारे प्लेटिंगचे बोल्ट वेगळे, त्यांच्यावर जस्ताचा थर जेमतेम पाच-दहा मायक्रॉनचा असतो. ते एका पावसाळ्याचे सोबती.

जस्तात बुडवायला देण्याआधी एक पक्कं बघा : कुठलाही पाइप दोन्हीकडून बंद राहता कामा नये. आत कोंडलेली हवा आणि ओल त्या तापमानाला पाइप फोडते, तिथं काम करणाऱ्यांच्या अंगावर जस्त उडतं. भोकं पाडून द्यायची जबाबदारी फ्रेम बांधणाऱ्याची आहे. आणि गॅल्व्हनाइज झालेल्या फ्रेमवर नंतर वेल्डिंग करायची वेळ आली, तर त्या जागेचं जस्त ग्राइंडरनं काढून, उघड्यावर करा. जळणाऱ्या जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो, वेल्डर पोरं तो अंगावर काढतात. वेल्डिंगनंतर त्या जागी झिंक रिच पेंटचे दोन हात द्या.

प्रश्न : पाट्यांना आम्ही जळकं इंजिन ऑइल चोपडतो. वडिलांच्या ट्रकला तेच करायचे. चालेल ना?
(एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : ट्रकवर चालत असेल, बोटीच्या ट्रेलरवर नको. ट्रेलर पाण्यात गेला की ते ऑइल तवंग होऊन पसरतं, मग ती खाडी असो नाहीतर आपली कृष्णा. शिवाय रस्त्याची धूळ त्याला चिकटून पाट्यांवर लगदा बसतो आणि तो लगदा मिठाचं पाणी धरून ठेवतो.

पाट्यांचं दुखणं पानांच्या मधल्या फटीत असतं. तिथं धरलेला गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, पानं एकमेकांपासून उचलतो, आणि मग मधल्या बोल्टाच्या भोकापाशी पान तुटतं. वरचं मुख्य पान तुटलं तर एक्सल तिरका होतो. वर्षातून एकदा ट्रेलर जॅकवर घ्या म्हणजे पाट्यांवरचा भार उतरेल, पानांच्या फटी किंचित उघडतील. धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून, मेणासारखा थर धरणारा गंजरोधक स्प्रे त्या फटींत मारा. पाट्यांना एक्सल बांधणारे यू-बोल्ट मात्र तपासत बसू नका. आट्यांत गंज दिसला की चारही बदला. स्वस्त वस्तू आहे आणि आख्खा एक्सल तिच्यावर लटकलेला असतो.

प्रश्न : रत्नागिरीकडं एक जुना ट्रेलर विकाऊ आहे. ताजा रंग दिलाय, फोटोत नव्यासारखा दिसतो. बघायला जाणार आहे. काय तपासू?
(एक वाचक, फलटण)

उत्तर : ताजा रंग दिसला की मला आधी शंका येते. एक छोटी हातोडी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि जॅक घेऊन जा. वर सांगितलं तसं ठोकून आवाज ऐका. फळ्यांच्या खाली, जिथं लाकूड लोखंडाला टेकतं तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचा, ओल तिथंच सगळ्यात जास्त टिकते. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टीलचे बोल्ट असतील तर बोल्टाभोवती पांढरी भुकटी आहे का बघा. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग फिरवून कान द्या. विंचला तारेचा दोर असेल तर जाड हातमोजा घालून त्याच्यावरून हात फिरवा. तुटलेल्या तारा बाहेर आल्या असतील तर दोर बाद. नव्यानं घेताना पट्टा घ्या, तार आतून गंजते आणि बाहेरून समजत नाही.

सगळ्यात शेवटी चासी नंबर. तो ड्रॉबारवर ठोकलेला असतो आणि गंजानं बुजतो. आर.सी.वरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. रत्नागिरीची एम.एच. 08 पासिंगची वस्तू साताऱ्यात नावावर करताना आर.टी.ओ.ला तो नंबर वाचता आला पाहिजे. घेतल्यावर त्या जागी ग्रीसचा पातळ हात द्या आणि तो कायम ठेवा.

प्रश्न : दर खेपेला मागचे दिवे बंद पडतात. बल्ब बदलले, होल्डर बदलले. उंब्रजजवळ पोलिसांनी थांबवलं तेव्हा एक इंडिकेटर तेवढा लागत होता, तोही ब्रेक दाबल्यावर.
(एक वाचक, मलकापूर, कराड)

उत्तर : ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो, म्हणजे अर्थिंग गेलंय. दिव्यांचं अर्थिंग फ्रेमला स्क्रू मारून घेतलेलं असतं. त्या स्क्रूखाली गंज धरला की करंटला परतीची वाट मिळत नाही आणि तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. तुम्ही बल्ब बदलत राहिलात, बिघाड स्क्रूखाली होता.

प्रत्येक दिव्यापासून गाडीच्या प्लगपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढून घ्या, फ्रेमवर अवलंबून राहू नका. वायर कल्हई केलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. साध्या वायरचं टोक एकदा खाऱ्या पाण्यात भिजलं की पाणी तांब्याच्या केसांमधून आत चढत जातं. इन्सुलेशन सोललं की हातभर आतपर्यंत तांबं काळं-हिरवं पडलेलं दिसतं. अशा वायरला जोड देऊन उपयोग नाही, स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापत जा. नुसत्या टेपचा जोड पाण्याखाली टिकत नाही. आतून गोंद असलेली, तापवून आकसणारी नळी घाला.

दिवे सीलबंद एल.ई.डी. घ्या. बल्बवालेच ठेवणार असाल तर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा. पेटलेला गरम बल्ब गार पाण्यात तडकतो, आणि करंट चालू असताना खाऱ्या पाण्यात गेलेला जोड फार वेगानं खाल्ला जातो. प्लगच्या पिनांना पेट्रोलियम जेली लावत जा.

प्रश्न : आमच्या गावात पुरासाठी बोट आणि ट्रेलर आहे. तो समुद्रावर कधी जात नाही. वर्षभर ग्रामपंचायतीच्या शेडजवळ उभा असतो. मिठाचा प्रश्न नाही, तर देखभाल किती लागेल?
(गावच्या बचाव पथकातला एक तरुण, पलूस तालुका)

उत्तर : दादा, सगळ्यांत आधी तुमच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं होतं, जागेच्या सोयीनं ते शेवटी आलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथं 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी आहे. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा धोका पातळी ओलांडली. तुमच्या तालुक्यानं त्या पुरात काय सोसलं ते मी सांगायला नको. त्या वेळी बोट असून ती पाण्यापर्यंत पोचली नाही, असं ट्रेलरच्या चाकापायी होता कामा नये.

मीठ नाही हे खरं. पण तुमचा ट्रेलर चालत नाही, हाच त्याचा धोका आहे. मे महिन्याच्या उन्हात टायरच्या बाजूच्या भिंतींना तडे जातात. नक्षी नवीकोरी दिसते, म्हणून कोणी बघत नाही. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2317 असेल तर तो टायर 2017 च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी पुरासाठी धरू नका. त्यावर बोट, इंजिन, डिझेल, माणसं एवढा भार एकदम येणार आहे.

ट्रेलर चाकांवर उभा ठेवू नका. एक्सलखाली लाकडाचे ठोकळे देऊन चाकं अधांतरी करा, वर ताडपत्री टाका. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन दोन्ही चाकं हातानं फिरवायची. एवढ्यानं रोलरची जागा बदलते आणि ग्रीस पुन्हा सगळीकडं लागतं. पुराच्या कामानंतर मात्र खाडीतून आल्यासारखंच वागा. पुराचं पाणी गोडं असलं तरी त्यात गाळ असतो, गटारं असतात, शेतातलं खत असतं. तो गाळ हबच्या सीलपाशी आणि ब्रेकच्या ड्रममध्ये वाळला की दगड होतो. पाणी ओसरल्यावर गाव साफ करायच्या धांदलीत ट्रेलर विसरला जातो, आणि तो तसाच पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहतो.

कुठली गाडी ट्रेलर ओढणार हे आत्ताच ठरवून ठेवा, आणि एकच नव्हे, दोन. दोन्ही गाड्यांचा हुकचा गोळा ट्रेलरच्या कपलरच्या, म्हणजे त्या गोळ्यावर बसणाऱ्या वाटीच्या, मापाचाच हवा. गोळा 50 मिलिमीटरचा आणि कपलर त्याहून मोठ्या मापाचा असेल तर सपाट रस्त्यावर तो बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात उचलला जातो. ट्रॅक्टर वापरणार असाल तर त्याला चालणारा जोड बनवून ट्रेलरवरच बांधून ठेवा, कारण त्या दिवशी रस्त्यावर दोन-दोन फूट पाणी असेल आणि जीप जाणारच नाही. सेफ्टी चेन, स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना आणि ग्रीसगन एका पेटीत घालून ती पेटी ट्रेलरला कुलपानं लावा. किल्ल्या तिघांकडे.

रोहिणी निघायच्या आत, म्हणजे 25 मेच्या आधी, बोट चढवून ट्रेलर एकदा रस्त्यावर काढा आणि दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. औदुंबरपर्यंत जाऊन या. मग हबना हात लावा, नट बघा, दिवे बघा, बोट घाटावर पाण्यात उतरवून विंचनं परत ओढून घ्या. काही निघालं तर दुरुस्तीला दोन आठवडे हातात राहतात. त्या दिवसांत गळीत हंगाम संपून माझ्याकडं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला रांगेनं उभ्या असतात, तरी पुराच्या बोटीचा ट्रेलर मी रांगेत लावत नाही. कुठल्याही गावचा असो, आला त्या दिवशी हब उघडतो.